हजेरीत गप्प राहिलेले नाव

‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा गाण्यांचा अल्बम २५ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून २०२३ साली लॉरिन हिल यांनी ती गाणी घेऊन शहरोशहरी कार्यक्रम केले. पहिल्या आठवड्यातच चार लाखांवर प्रती खपलेला, १९९९ मध्ये पाच ग्रॅमी पारितोषिके मिळवणारा आणि वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरलेला हा हिपहॉप परंपरेतला पहिला अल्बम. एवढे सांगितले की एका यशस्वी गायिकेचा रौप्यमहोत्सव डोळ्यांपुढे उभा राहतो आणि विषय तिथेच संपतो. पण या अल्बमच्या नावामागे एक पुस्तक उभे आहे, आणि घरात पहिल्यांदाच पाटी आलेल्या आपल्यासारख्यांना त्या पुस्तकाला वळसा घालून जाता येणार नाही.

ते पुस्तक म्हणजे कार्टर वुडसन यांचे ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’ (१९३३). वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. ते स्वतः कोळशाच्या खाणीत राबले, विशीच्या सुमारास हायस्कुलात गेले आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले. ‘मिसएज्युकेशन’ म्हणजे शिक्षणाचा अभाव नव्हे. शिक्षण मिळते, पण ते वाट चुकवणारे असते. आपण त्याला कुशिक्षण म्हणू. वुडसन यांचे म्हणणे असे की, शाळा काळ्या मुलाला गोऱ्यांचा पराक्रम शिकवते आणि त्याच्या स्वतःच्या लोकांविषयी एक तर मौन पाळते किंवा तिरस्कार शिकवते. असा मुलगा जितका अधिक शिकतो तितका आपल्या माणसांपासून दूर जातो. एकदा मनच ताब्यात आले की दारावर पहारेकरी ठेवावा लागत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपल्या शिकलेल्या माणसांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे सारे हिल यांनी गाण्यात कसे आणले? अल्बम सुरू होतो तो शाळेच्या घंटेने. शिक्षक हजेरी घेतात, मुले ‘हजर’ म्हणतात. लॉरिन हिल हे नाव पुकारले जाते, पुन्हा पुकारले जाते, पण उत्तर येत नाही. पुढे गाण्यांच्या मधे मधे तोच वर्ग ऐकू येतो आणि मुले शिक्षकांशी प्रेम या विषयावर बोलत राहतात. शिक्षकाचा आवाज आहे रास बराका यांचा. अमिरी बराका या बंडखोर काळ्या कवीचे हे चिरंजीव. ते स्वतः शिक्षकी पेशातले आणि २०१४ साली नेवार्क शहराचे महापौर झालेले. म्हणजे वर्ग भरला आहे, पण जिच्या कुशिक्षणाची ही कहाणी ती विद्यार्थिनीच वर्गात नाही.

ही गैरहजेरी अडाणीपणाची नाही. हिल यांच्या आई इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, तिथे हिलही काही काळ शिकल्या आणि फ्यूजीज या गटाबरोबरच्या गाण्यासाठी त्यांनी ते शिक्षण सोडले. आमच्या वर्गात ऊसतोडीच्या हंगामात हजेरीपुस्तकातली जी नावे गप्प राहतात, ती नाइलाजाने. दोन्ही गैरहजेऱ्या एका मापाने मोजणे खोटेपणाचे होईल. तरीही प्रश्न एकच उरतो: वर्गाबाहेर ती मुलगी काय शिकली?

उत्तर गाण्यांत आहे. ती पैशाविषयी शिकली, मैत्रीतल्या दगाबाजीविषयी शिकली, पुरुषाच्या आणि स्वतःच्याही फसवणुकीविषयी शिकली. १९९७ साली त्यांना पहिला मुलगा झाला, तेव्हा मूल की नाव असा सल्ला देणारे भेटले. त्यांनी मूल निवडले आणि ‘टू झायन’ हे गाणे त्याच्या नावे केले. चळवळीतल्या काही गंभीर मंडळींना वाटेल की, वुडसनचे नाव घ्यायचे आणि प्रेमावर गाणी म्हणायची, हा कसला विचार? मला हा आक्षेप पोकळ वाटतो. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये घराच्या आतली मारझोड आली तेव्हा तेही राजकारणच होते.

खरा प्रश्न दुसरीकडे आहे. १९९८ मध्येच न्यू आर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार सहकारी वादक-लेखकांनी दावा लावला. गाणी रचण्यात आमचा वाटा मोठा असून श्रेय मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे. २००१ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. गाण्यावर नाव कोणाचे हा वाद आपल्याला परका नाही. वामनदादा कर्डकांची गाणी जयंतीच्या मांडवात गाणाऱ्या किती जणांना ती वामनदादांची आहेत हे ठाऊक असते? फरक एवढाच की, तिकडे दावा लावता येतो. सामूहिक गैरहजेरीची गोष्ट सांगणाऱ्या अल्बममधून काही नावेच गैरहजर राहिली असतील, तर हे व्यंग मोठे आहे. ते अल्बमवरच्या प्रेमापोटी झाकू नये.

आता वर्धापनाच्या कार्यक्रमांविषयी. फ्यूजीजचे जुने सोबती वायक्लेफ जीन आणि प्राझ हेही २०२३ मध्ये मंचावर आले. आवाजाच्या त्रासामुळे काही कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. हिल उशिरा येतात ही तक्रार तर जुनीच. २०१६ साली अटलांटात त्या दोन तासांहून अधिक उशिरा आल्या होत्या. कलावंताची लहर म्हणून हे मला सोडून देववत नाही. तिकिटाचे पैसे देणारा माणूस बहुधा कामावरून थेट आलेला असतो आणि सकाळी त्याला पुन्हा कामावर जायचे असते.

दुसरी तक्रार मात्र मी मानत नाही. ती अशी की, त्या गाणी जशीच्या तशी गात नाहीत. चाल बदलतात, लय वाढवतात, ओळखीच्या जागा मोडतात. श्रोत्यांना १९९८ चा आवाज हवा असतो. २००२ मध्ये एकट्या गिटारवर गायलेल्या नव्या गाण्यांचा त्यांचा अल्बम आला, पण स्टुडिओत एकटीच्या नावे केलेला दुसरा अल्बम त्यांनी काढला नाही. त्यामुळे पंचवीस वर्षांचे सगळे जगणे त्यांना याच मोजक्या गाण्यांत ओतावे लागते. आपल्या जलशांतही एकच गाणे दर वर्षी नव्या कडव्याने, नव्या ठेक्याने उभे राहते आणि कोणी तक्रार करत नाही, कारण ते गाणे अजून कामात असते. २०२३ च्या या कार्यक्रमांच्या वेळी झायन सव्वीस वर्षांचा होता आणि त्याची आई सहा मुलांची आई होती. तेविसाव्या वर्षी गायलेले ते गाणे तिने त्याच आवाजात, त्याच चालीत म्हणावे, असा आग्रह कोणत्या तोंडाने धरायचा?