पाण्याची पिशवी आणि अंगातले शिपाई



आपल्या माण-खटावात काय किंवा शेजारच्या आटपाडी-जतात काय, ज्याच्या दारात मेंढरं त्याच्या दारात कुत्रं असायचंच. या दोघांच्या आधारानं जगणाऱ्या एका जंताची माहिती मी आज देणार आहे.

बकरं कापलं, की कधी कधी त्याच्या काळजावर (म्हणजे यकृतावर) किंवा फोपशावर पाण्यानं भरलेली पांढरी पिशवी दिसते. मी लिंबाएवढी पाहिली आहे. ही पिशवी म्हणजे पट्टकृमीची अळी होय. या रोगाला हायडॅटिड म्हणतात.

मोठा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी अवघी २ ते ७ मिलिमीटर! कुत्रं आजारी दिसत नाही, पण त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी गवतावर, पाण्यात आणि त्याच्याच केसांवर पसरतात. मेंढरू चरताना ती गिळतं. आपण कुत्र्याला कुरवाळून तसेच भाकरीला बसलो, तर आपल्याही पोटात जातात.

पुढे काय होतं? अंड्यातून अळी निघते, आतड्याची भिंत भेदते आणि रक्तातून यकृतात पोचते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं हे शिपाई असतात. या वेळी अळी उघडी असते. शिपायांनी तिला ओळखलं, तर ती मरते. पण दोन-चार आठवड्यांत ती स्वतःभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थरावर थर भिंत उभारते. मग शिपायांना आत शिरता येत नाही. शिवाय ती असे पदार्थ सोडते, की शिपायांची दिशाभूल होते आणि हल्ला थंडावतो. पिशवी वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहते. ती आत फुटली, तर मात्र तेच शिपाई एकदम खवळतात आणि माणसाचा जीव धोक्यात येतो. म्हणून डॉक्टर ती फार जपून काढतात.

म्हणजे लढाई पहिल्या काही दिवसांतच जिंकायची असते. हेच हेरून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मेंढरांसाठी लस तयार केली. तिच्यामुळे शिपाई उघड्या अळीला आधीच ओळखतात.

लस नसतानाही या रोगाला हटवता येतं. आइसलंड हाही मेंढपाळांचा देश. तिथं हा रोग फार होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तिथं गेले. त्यांनी लिहिलेली पुस्तिका १८६४ साली घरोघर वाटली गेली. लोकांनी ती वाचली, कुत्र्यांना पिशव्या घालणं सोडलं, आणि हळूहळू रोग हटला.

आपणही एवढं करू या :

१) पिशवी असलेलं काळीज-फोपसं मायेनंसुद्धा कुत्र्याला टाकू नये. खोल पुरावं किंवा जाळावं. कुत्र्यानं ती पिशवी खाल्ली, की त्याच्या पोटात पुन्हा जंत तयार होतात.

२) कुत्र्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत. भाजीपालाही धुऊन घ्यावा.

३) जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कुत्र्याला वेळोवेळी जंताचं औषध द्यावं.

कुत्रं आपला राखणदार आहे. त्याला हाकलू नका, त्याची काळजी घ्या. आणि मुलांनो, हे घरी आई-दादांना जरूर सांगा.