डीजेच्या गावात क्लोज्ड-बॅक

गणपती तोंडावर आले की सोलापूरच्या पानांवर डीजेच्या बातम्यांना ऊत येतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, दहानंतर बंद, वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सवलत, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झालंय. ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलं, तेही सगळ्यांनी वाचलं. त्याची उजळणी नको. माझा विषय अगदी उलट्या टोकाचा आहे. एकट्याच्या कानांवर बसणारा, शेजाऱ्याला पत्ता न लागू देणारा क्लोज्ड-बॅक हेडफोन, आणि तो घालून तासन्‌तास गाणी ऐकत बसणारी, दोन हेडफोनांमधल्या फरकावर रात्र रात्र वाद घालणारी आमच्यासारखी खुळी माणसं.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. मिरवणूक दारात आली की जाड हेडफोन चढवायचा आणि आपलं गाणं लावायचं, हा उपाय अनेक जण सांगतात. तो चालत नाही. बंद कपाचा हेडफोन वरच्या पट्टीचे आवाज छान अडवतो. भांड्यांचा खणखणाट, हॉर्न, शेजारचा टीव्ही बराच विरतो. बायरडायनॅमिक कंपनी आपल्या डीटी ७७० प्रोबद्दल साधारण १८ डेसिबल आवाज अडतो असं सांगते, तो या वरच्या आवाजांच्या जिवावर. पण डीजेचा जीव खालच्या पट्टीत असतो. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर. तिला प्लास्टिकची वाटी आणि बोटभर फोम काय अडवणार? शिवाय ती छातीतून, खिडकीच्या काचेतून, पलंगाच्या पायातून येते. मग माणूस हट्टानं आवाज वाढवतो आणि बाहेरचा मार व घरचा मार दोन्ही कानावर घेतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सरळ आहे. ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास ऐका, ९० असेल तर फक्त चार. त्या रात्रीसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे बरे. हेडफोन उरलेल्या साडेतीनशे दिवसांसाठी.

आणि ते साडेतीनशे दिवसही सोलापुरात काही शांततेचे नसतात. पूर्व भागात गल्लीगल्लीत यंत्रमाग आहेत. मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असणं ही नेहमीची गोष्ट, आणि त्याची खटखट भिंतीपलीकडच्या घरात दिवसभर झिरपत असते. ज्यांचं बालपण त्या तालावर गेलं त्यांना ती ऐकूही येत नाही, पण तंबोऱ्याला ती बरोबर ऐकू येते. त्यात छताचा पंखा, उन्हाळ्यात घरघरणारा कूलर, सकाळी पाण्याची मोटार. म्हणूनच परदेशी समीक्षकांचं एक लाडकं मत मला मान्य नाही. खरं संगीत ओपन-बॅकवरच ऐकावं, असं ते म्हणतात. सेनहायझरनं १९६८ मध्ये एचडी ४१४ आणला तेव्हापासून ही उघड्या पाठीची परंपरा सुरू झाली आणि १९९७ चा एचडी ६०० तर आजही देव्हाऱ्यात आहे. त्यांचा आवाज मोकळा असतो, डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो, हे अगदी खरं. पण ती माणसं बसतात दुहेरी काचांच्या, पंखा नसलेल्या, गालिचा अंथरलेल्या खोलीत. आमच्याकडे ओपन-बॅक घातला की मालकंसात कूलर मिसळतो. वर बाजूच्या खाटेवर झोपलेल्याला आख्खी बंदिश फुकट.

क्लोज्ड-बॅकला कमी लेखणाऱ्यांना एवढंच दाखवावं की स्टुडिओत माईकपुढे उभा राहिलेला गायक काय घालतो. तिथे उघड्या पाठीचा हेडफोन चालतच नाही, कानातला ठेका माईकमध्ये शिरतो. सोनीचा एमडीआर ७५०६ (१९९१) आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७० (१९८५) ही त्या कामाची जुनी, राबलेली जनावरं. आपण ऐकतो त्यातली कितीतरी गाणी गाताना कुणाच्या तरी कानावर यांच्यापैकी एक असणार.

आता बंद कपाची अडचण. कान आणि हेडफोनचा पडदा यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते, आणि खालचे सूर त्या कोंडलेल्या हवेवरच उभे असतात. जरा फट पडली की ते गेले. चष्मेवाल्यांनी हा प्रयोग आजच करावा. भीमसेन जोशींचा कुठलाही अभंग लावा आणि डग्ग्याकडे लक्ष ठेवा. मग चष्म्याची काडी पॅडखालून अलगद वर उचलून केसांवर टेकवा. डग्गा एकदम पोट धरून बोलायला लागतो. काडी परत खाली आणा, की थाप उरते, घुमारा जातो. डुलांमुळे, जाड वेणीमुळे, कानामागच्या कुरळ्या केसांमुळेही हेच होतं. इंटरनेटवर एक जण ज्या हेडफोनला 'बेस नाही' म्हणून झोडतो त्यालाच दुसरा 'बेसचा राक्षस' म्हणतो, त्या भांडणामागे पुष्कळदा दोन वेगवेगळी डोकी आणि एक चष्मा असतो.

तुलनेतला सर्वांत मोठा चोर मात्र वेगळाच आहे. दोन हेडफोन एकाच फोनला, एकाच व्हॉल्यूमवर लावून ऐकले की एक हमखास जास्त 'जिवंत' वाटतो. बहुतेक वेळा तो फक्त जास्त मोठा असतो. डीटी ७७० चे ३२, ८० आणि २५० ओहमचे प्रकार मिळतात. २५० वाला साध्या फोनवर दबून वाजतो, मग लोक म्हणतात, जर्मन माल बेकार. डेसिबलभराचा फरक आपल्याला आवाज मोठा झाल्यासारखा वाटत नाही, तो भरदार, स्पष्ट झाल्यासारखा वाटतो. दुकानदारांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे, डीजेवाल्यांना तर आहेच. त्यामुळे आमच्यात नियम असा की आधी एकच आलाप घ्यायचा, दोन्हींवर गळा सारखाच जवळ वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवायचा, आणि तेव्हाच तोंड उघडायचं. हे केलं की निम्मे वाद तिथेच मरतात. उरलेले निम्मे मजेचे.

या चोराच्या मागे आयुष्यभर लागलेला माणूस म्हणजे शॉन ऑलिव्ह. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत त्यांनी फ्लॉइड टूल यांच्यासोबत स्पीकरच्या आंधळ्या चाचण्या केल्या, १९९३ मध्ये हार्मन कंपनीत गेले आणि पुढे सहकारी टॉड वेल्टी यांच्यासह हेडफोनांकडे वळले. स्पीकर पडद्यामागे लपवता येतो. हेडफोन कसा लपवणार? तो डोक्यावर बसतो, वजन कळतं, पॅडचा स्पर्श कळतो, आणि स्पर्शावरून माणूस किंमत ताडतो. सुरुवातीला त्यांनी श्रोत्याच्या मागून मदतनिसाकरवी हेडफोन चढवून पाहिले. मग त्याहून नामी युक्ती काढली. एकच हेडफोन सगळ्यांच्या डोक्यावर ठेवायचा आणि बाकीच्यांचे आवाज मोजून, इक्वलायझरनं त्या एकातच उतरवायचे. श्रोत्याच्या हाताला काहीच बदललेलं कळत नाही, कानाला मात्र एकामागून एक हेडफोन ऐकू येतात. असल्या चाचण्यांतून निघालं ते असं की बहुतेकांना हेडफोनमधून तोच आवाज हवा असतो जो नीट लावलेल्या खोलीत चांगल्या स्पीकरमधून येतो. त्यावरून काढलेला आलेख म्हणजे हल्ली प्रत्येक समीक्षेत डोकावणारा 'हार्मन कर्व्ह'.

मी ऑलिव्हबुवांचा भक्त आहे, पण डोळस. हार्मन स्वतः जेबीएल आणि एकेजी विकते, ही गोष्ट विसरू नये. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम डोक्याला चष्मा नसतो, घाम येत नाही. तरीही त्यांच्या कामातला एक भाग मला फार आवडतो. २०१९ मध्ये त्यांनी श्रोत्यांचे गट पाडले. ६४ टक्क्यांना तो मधला आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. कमी मागणाऱ्यांत बायका आणि पन्नाशीपुढचे जास्त. म्हणजे शंभरातल्या पंधरांची आवड उरलेल्या पंच्याऐंशींच्या छातीवर ट्रॅक्टरला बांधून फिरवायची, याला आपण मिरवणूक म्हणतो. (हा निष्कर्ष ऑलिव्ह यांचा नाही, माझा आहे.)

किमतीबद्दलही एक संशोधन सांगायलाच हवं. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं किमतीशी ताडून पाहिली. आवाजाचा तोल आणि किंमत यांचा काही संबंध आढळला नाही. पाच हजारांचा आणि पन्नास हजारांचा सारखाच, असा याचा अर्थ नव्हे. बांधणी, आराम, सुटे भाग यांचे पैसे असतातच. पण हजारोंची केबल विकायला येणाऱ्याला दारातूनच नमस्कार करायला एवढा आधार पुरे. सोलापूरकरांना तर हा आधार जास्तच लागतो, कारण इथे बहुतेक खरेदी न ऐकता, ऑनलाइन होते.

मग ऐकायचं काय? आमच्या जिल्ह्याला यासाठी घरचाच अल्बम आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'सैराट' २०१६ चा. अजय-अतुल यांनी त्यातली वाद्यवृंदाची बाजू थेट कॅलिफोर्नियातल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर जिवंत वादकांकडून वाजवून घेतली, त्याची तेव्हा मोठी बातमी झाली होती. त्याच अल्बमातलं 'झिंगाट' डीजेच्या भिंतीवर इतकं वाजलं की उरलेली गाणी सिम्फनी ऑर्केस्ट्रानं वाजवलीत हे लोक विसरूनच गेले. 'याड लागलं' घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सवर ते भव्य वाटतं. खालची तारवाद्यं रुंद, ठेका ठाम, पण अजय गोगावले यांचा गळा दोन पावलं मागे सरकतो. सोनी ७५०६ वर गळा एकदम पुढ्यात, शब्दाच्या आधीचा श्वासही सापडतो. किंमत म्हणून 'स' आणि 'श' कानाला टोचतात, अर्ध्या तासानं कपाळ जड होतं. डीटी ७७० वर खालचा आवाज सर्वांत खोल जातो आणि बंद कपाच्या मानानं जागा ऐसपैस वाटते, मात्र वरच्या टोकाला व्हायोलिनांवर एक चकाकी चढते जी मूळ तारांची नाही. एकाच गाण्यासाठी तिघांतला एक निवडायचा तर मी सोनी घेईन. पार्श्वगायन म्हणजे शेवटी गळा.

तंबोऱ्यावर मात्र निकाल फिरतो. गेल्या काही वर्षांत भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तंबोरा आपल्याला नवा नाही, पण तो हेडफोनच्या परीक्षेला बसवायची कल्पना फार कमी जणांना सुचते. जवारी नीट लागलेली असेल तर एका षड्जाच्या तारेतून वरचे स्वर एकेक करून उमलतात आणि विरतात. किशोरीताई आमोणकरांचं संथ लयीतलं काही लावा आणि मुद्दाम गळ्याकडे दुर्लक्ष करून मागच्या तारा ऐका. स्वस्त बंद कपात १०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा असतो, तिथे तंबोरा डब्यात ठेवल्यासारखा गुंगुं करतो आणि पुरुषी खर्ज त्यातच बुडतो. ७५०६ वर उलट तारेचा धातूच जास्त वाजतो. इथे मला डीटी ७७० पटतो, आणि त्याहून कमी पैशात ऑडिओ-टेक्निकाचाच एम४०एक्स. थोरल्या एम५०एक्सपेक्षा तो सपाट, म्हणून गाजावाजा कमी, पण ख्याल ऐकणाऱ्यानं आधी तो बघावा. प्रल्हाद शिंदे यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर हे तिन्ही-चारही जवळजवळ सारखे वाटतात. त्या काळच्या मुद्रणाला खालचं-वरचं टोक फारसं नाहीच. जे आहे ते सगळं मधल्या पट्टीत, आणि ती सगळ्यांना जमते.

राहिला उन्हाळा. त्रेचाळीस अंशांत कृत्रिम कातड्याच्या पॅडखाली कान वाफवून निघतात, हे कुठल्याच परदेशी समीक्षेत लिहिलेलं नसतं. घामानं ते कातडं दोन-तीन वर्षांत सुटायला लागतं. मानेवर, उशीवर, पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर काळे पापुद्रे दिसले की समजायचं, पॅड गेले. सोनीच्या ७५०६ ची ही जुनीच खोड. डीटी ७७० चे करडे मखमली पॅड त्या बाबतीत सुखाचे, धुऊन वाळवता येतात, पण धूळ आणि केस ओढतात. बाजारात मिळणारे जाड, मऊ पॅड लावताना जपून. पडदा कानापासून चार-पाच मिलिमीटर लांब गेला तरी आवाजाचा तोल बदलतो, आणि ज्या आवाजासाठी पैसे मोजले तोच हातचा जातो.

माझं एक खूळ आहे, ते सांगून ठेवतो. चादरीसोबत सोलापुरी टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि या गावात कापड बेतणाऱ्या हातांना तोटा नाही. पॅडवर चढवायची इलॅस्टिकची टॉवेलची खोळ कुणी शिवली, तर देशभरातले हेडफोनवाले मागवतील. टॉवेलच्या कापडातून थोडी हवा निसटेल, बेस किंचित उतरेल. ऑलिव्ह यांच्या हिशेबातले २१ टक्के त्यावर खूशच असतील, बाकीच्यांनी मार्च ते जून तेवढं सोसावं. खोळ पातळ, एकेरी विणीची हवी आणि कानाच्या भोकापुरती मध्ये मोकळी. जाड घेतली तर कप कानापासून उचलला जातो आणि चष्म्याच्या काडीनं होतं तेच पुन्हा होतं.