हप्त्याआधीचे घर

‘घर पाहावे बांधून’ असे जुनी माणसे म्हणत. मुंबईकराला हल्ली घर नुसते पाहूनच घाम फुटतो! हप्ता झेपला की घर झाले, असे वाटते. पण खरी मेख हप्त्याच्या आधीच आहे. पाऊण कोटीच्या घराला बँक फार तर 80 टक्के, म्हणजे 60 लाख देते. उरलेले 15 लाख, मुद्रांक शुल्काचे साडेचार लाख आणि नोंदणीचे 30 हजार पदरचे! मग सौभाग्यवतीच्या पाटल्या नि वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड आठवतो. म्हणून वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा : 2016 च्या ‘रेरा’ कायद्याप्रमाणे, करार नोंदवल्यावाचून बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. त्या पाटल्या तोंडी शब्दावर मोडू नका.