ऐकणें आणि करणें

पवित्र शास्त्राचें वाचन ख्रिस्ती घरांत नित्य होत असतें. परंतु वाचन व अभ्यास हीं एक नव्हत, आणि अभ्यास व आचरण हीं निरनिराळीं नव्हत. ह्या दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या ध्यानांत याव्या, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम अभ्यास म्हणजे काय तें पाहूं. पहिल्या स्तोत्रांत देवाच्या नियमशास्त्राचें रात्रंदिवस मनन करणाऱ्या धन्य मनुष्याचें वर्णन आहे. तेथें मननासाठीं जें इब्री क्रियापद आहे, तेंच यशयाच्या ३१ व्या अध्यायांत आपल्या भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठीं योजिलें आहे. सिंह भक्ष्य सोडून जात नाहीं. त्याप्रमाणें अर्थ हातीं येईपर्यंत वचन न सोडणें, तें पुन्हां पुन्हां ओठांवर घोळविणें, हें मनन होय. एका बैठकीस पांच अध्याय संपविणाऱ्यापेक्षां, एकाच वचनापाशीं थांबून तें कोणीं, कोणास व कां सांगितलें असें विचारणारा विद्यार्थी अधिक मिळवितो.

आतां दुसरी गोष्ट. इब्री भाषेंत 'शामा' ह्या धातूचा अर्थ ऐकणें असा आहे, आणि आज्ञा पाळणें ह्या अर्थींही तोच धातु येतो. आपल्या मराठींत तरी निराळें काय आहे? आई मुलास "माझें ऐक" म्हणते, तेव्हां त्यानें नुसते कान द्यावे एवढेंच तिला नको असतें. काम झालें नाहीं, तर "हा मुळींच ऐकत नाहीं" असें ती म्हणते. मुलाचे कान मात्र धडधाकट असतात! ज्यानें केलें नाहीं त्यानें ऐकलेंच नाहीं, हा न्याय शास्त्रासही लागू आहे. एज्रा शास्त्र्याविषयीं सांगतांना शोध करणें, पाळणें व मग शिकविणें असाच क्रम दिला आहे. मधली पायरी गाळण्याचा मोह शिक्षकांस व उपदेशकांस विशेष होतो.

तो मोह टाळल्याचें ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). संस्कृत विद्येंत वाढलेल्या ह्या बाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या तेव्हांच्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मुली व विधवा ह्यांना घेऊन आल्या. केडगांव येथें त्यांना आसरा मिळाला. पुढें रमाबाईंनीं इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. खेड्यांतील साध्या बायकांनाही तें समजावें, हा त्यांचा हेतु होता. छापखान्यांत खिळे जुळविण्याचें कामही मुक्तिसदनांतील स्त्रियाच करीत. मृत्यूच्या थोडें आधीं भाषांतर पुरें झालें आणि १९२४ सालीं संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्यांना अन्न दिलें, त्यांच्याच समजुतीसाठीं शब्द शोधला. येथें सेवा कोठें संपली व अभ्यास कोठें सुरू झाला, हें सांगतां येत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं काय करावें? आठवड्यास एकच वचन वहींत उतरून घ्यावें व त्याखालीं त्यास अनुसरून करावयाची एक गोष्ट लिहावी: अबोला धरलेल्या सोबत्याशीं आपण होऊन बोलणें, वसतिगृहांतील आजारी मुलास पेज नेऊन देणें, परीक्षेंत शेजाऱ्याच्या उत्तराकडे न पाहणें. शनिवारीं वही उघडून पाहावें. गोष्ट झाली नसल्यास वचन बदलूं नये. तेंच पुढच्या आठवड्यासही घ्यावें.