नऊ छायाचित्रें, एक पान

समारंभाचीं निवडक नऊ छायाचित्रें एकाच पानावर यावींत, अशी हौस पुष्कळ घरांत असते. एका काचेवर अनेक चित्रें घेण्याची युक्ति जुनी आहे; पॅरिसच्या दिस्देरीनें १८५४ सालीं तिचें पेटंट घेतलें. आज तें काम ब्राउझरमध्यें उघडणाऱ्या फोटोपीसारख्या साधनानें होतें. त्यांत चित्रें घरच्याच संगणकावर राहतात, ही सोय लहान नव्हे.

आठ इंच चौरस छपाई हवी असेल, तर इंचास ३०० बिंदूंच्या हिशेबानें २४०० बिंदूंचें कोरें पान घ्यावें. कडेच्या व मधल्या मिळून आडव्या ओळींत चार फटी येतात. प्रत्येकीस ३० बिंदु दिले, कीं खणाची बाजू ७६० उरते. उभ्या ओळीचा हिशेब तोच. प्रत्येक खणावरील थरांत एक चित्र ठेवून ‘क्लिपिंग मास्क’ ही आज्ञा द्यावी. खणाबाहेरचा भाग लपतो, नष्ट होत नाहीं. चित्र मागाहूनहि सरकवितां येतें.

खरें काम या सरकविण्यांतच आहे. चारास तीन प्रमाणाचें आडवें चित्र चौरस केलें, तर त्याचा चौथा हिस्सा जातो. तयार सांचे बहुधा मध्यभाग राखून दोन्ही कडा छाटतात; आणि समूहचित्रांत कडेला असते ती संकोचानें सरकलेली आत्या, किंवा नवी सून. सांच्यास त्यांची ओळख कोठून असणार! अशा चित्रास शेजारचे दोन खण जोडून द्यावेत. वरचें छत आणि खालची सतरंजी कापली जाते, रांगेंतील माणसें मात्र राहतात. नवाऐवजीं आठच चित्रें बसलीं, तर बसोत.