मेंदू, हालचाल आणि पीएचडी: बारामती-इंदापूरच्या मुलांसाठी

भिगवणला उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो एका पायावर तासन्‌तास उभे असतात. तुम्हाला काय वाटतं, मेंदूला किती कष्ट पडत असतील? २०१७ मध्ये यंग-हुई चँग आणि लीना टिंग या अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेल्या फ्लेमिंगोचं शरीर एका पायावर ठेवून पाहिलं. स्नायू काहीच काम करत नव्हते, तरी ते उभं राहिलं! दोन पायांवर मात्र राहिलं नाही.

म्हणजे तोल सांभाळण्याचं काही काम मेंदू करतो आणि काही हाडा-सांध्यांची रचनाच करून टाकते. यातलं कोणाचं काम किती, हे शोधणं म्हणजे ‘मोटर कंट्रोल’चं संशोधन.

आता बघा, वरच्या प्रयोगाला फिजिक्स लागलं, झूलॉजी लागली, गणितही लागलं. त्यामुळे ‘आमच्या कॉलेजात न्यूरोसायन्स नाही’ म्हणून अर्जच न करणं हे नुकसान तुमचंच. या विषयात बहुतेक जण दुसऱ्याच विषयातून येतात.

जायचं कुठे? सगळ्यात जवळ पाषाणचं आयसर पुणे. तिथे राघव राजन यांची लॅब झेब्रा फिंच पक्ष्यावर काम करते. हा पक्षी गाण्याआधी छोटे-छोटे आवाज काढतो आणि गाणं जवळ येईल तसं त्या आवाजांमधलं अंतर कमी होत जातं. मेंदू हालचालीची तयारी कशी करतो, ते इथे ऐकूच येतं. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये आदित्य मूर्ती डोळ्यांच्या आणि हाताच्या हालचाली मेंदू कसा ठरवतो, कसा थांबवतो हे पाहतात. एनसीबीएसमध्ये वत्सला तिरुमलाई झेब्राफिशच्या लहान मेंदूवर काम करतात. आयआयटी गांधीनगरला प्रतीक मुठा माणूस हालचाली कशा शिकतो हे अभ्यासतात.

प्रवेशासाठी साधारणपणे नेट-जेआरएफ, गेट किंवा संस्थेची स्वतःची परीक्षा लागते. कुठे काय चालतं ते जाहिरातीत नीट वाचा. घरी ‘अजून किती शिकणार?’ असं विचारलं तर सांगा: २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हे शिक्षण आहे, पण पगारासारखंच.

अजून बीएस्सी-एमएस्सीला असाल तर देशातल्या तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप बघा. आणि लॅबला ईमेल करण्याआधी त्यांचा एक तरी पेपर वाचा. ‘मला तुमच्याकडे काम करायचंय’ एवढंच लिहू नका. त्या पेपरमधलं काय पटलं नाही, ते विचारा. तिथून बोलणं सुरू होतं.