माशीची जाती आणि माणसाची जात

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाची अखेरची पायरी 'जाती' या नावाने येते. हा शब्द फळ्यावर लिहिताच वर्गात क्षणभर शांतता पसरते, हे आम्ही अनेकदा अनुभवले आहे. म्हणूनच त्या तासाला आम्ही एका लहानशा माशीची हकीकत आवर्जून सांगतो.

उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या लाल फळांवर ही माशी पूर्वापार जगत आली. मादी फळात अंडी घालते, अळी गर खाऊन वाढते आणि जमिनीत कोषावस्थेत हिवाळा काढते. सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथे सफरचंद नेले. १८६० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील हडसन खोऱ्यात हीच माशी सफरचंदांवर आढळू लागली. अन्नवनस्पती बदलल्याने कीटकांच्या नव्या जाती घडू शकतात, असा विचार कीटकतज्ज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी त्याच दशकात मांडला.

हे घडते कसे? सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकते आणि प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते. त्यामुळे सफरचंदावरील माश्या कोषातून लवकर बाहेर पडतात. प्रत्येक गट आपल्याच फळाच्या वासाकडे ओढला जातो आणि नर-मादीचे मीलनही त्याच फळावर होते. मध्ये ना डोंगर ना समुद्र. तरीही दोन्ही गटांची गाठ क्वचितच पडते. १९८८ साली त्यांच्यातील आनुवंशिक फरक संशोधकांनी दाखवून दिले. थोडाफार संकर आजही होतोच. फारकत अजून पूर्ण झालेली नाही.

मग एखादा विद्यार्थी विचारतो, "माणसांतल्या जातीही अशाच झाल्या का?"

नाही. माशीचा अडसर तिच्या शरीरातच रुजलेला आहे. माणसाच्या शरीरात तसा अडसर नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी हेच समजावले आहे: गवत, झाडे, कीटक यांच्यात जातिभेदाची चिन्हे दिसतात, मनुष्यांत ती नाहीत. १९१६ साली त्याच हडसनकाठच्या न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, जातीचे मर्म जातीबाहेर विवाह न करण्याच्या बंधनात आहे. हे बंधन निसर्गाने नव्हे, माणसाने घातले. म्हणून माणूस ते तोडू शकतो.

एवढे उमगले, तर फळ्यावरचा तो शब्द वाचताना कोणाही मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.